भांगाचं पाणी

चाळीस वर्षं तांडेलकी केली.
होकायंत्र रुसलं तरी
सुवर्णदुर्ग डाव्या हाताला ठेवून
धुक्यातून बोट हर्णैला लावली.
आता तांदळाच्या कणीहून थोडी मोठी
एक हिरवट गोळी
रोज मला विचारते,
खाल्लंस का काही?

आधी मी तिला मोजत नव्हतो.
नारळी पुनवेला दोन ताटं नारळीभात हाणला
आणि हिशेब फिटावा म्हणून
दोन गोळ्या घेतल्या,
एका अंगाला कललेल्या होडीत
दुसऱ्या अंगाला माणूस बसवतात तसं.
ठाण्याच्या मेव्हण्यानं त्याची पट्टी दिली,
"माझी साखर हिनंच उतरली" म्हणाला.
तीही आठवडाभर घेतली.
पापलेटाचा वाटा घ्यावा तसा
त्याच्या आजाराचा वाटा घेतला मी.

मग कार्तिकातला तो दिवस.
पहाटे चारला गोळी, डबा नंतर म्हटलं.
पाणी काळवंडलं, बांगडा होता.
जाळं टाकलं, ओढलं, पुन्हा टाकलं,
नंतर नंतर करत दहा वाजले.
डबा इंजिनाच्या पेटीवर तसाच,
भाकरीपेक्षा बाहेरून गरम.

आधी थंड घाम आला.
दोर धरलेली बोटं माझी राहिली नाहीत.
एका सुवर्णदुर्गाचे दोन झाले,
मधून वाट दिसायला लागली.
मी रियाजला शिवी घातली,
का, ते अजून आठवत नाही.
बाकीचे खलाशी म्हणाले,
तांडेलनं आज सकाळीच लावली वाटतं.

रियाज दाभोळचा. त्याच्या अम्मीलाही हेच.
त्यानं माझं तोंड हुंगलं,
चहाच्या बरणीतली साखर
पेलाभर पाण्यात ढवळली
आणि पोराला पाजावं तसं पाजलं,
घोट घोट, मान धरून.
पाव तासानं किल्ला एक झाला.
"आता भाकर," तो म्हणाला. "सगळी."
त्या दिवशी माझ्या बोटीवर
तांडेल तो होता.

मुकादम डॉक्टरीणबाईंनी आधी ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, "उधाणाला सगळेच भितात, हरेश्वरभाऊ.
तुमची सुकती जास्त वाईट.
घटकाभरात बोट खडकावर बसवते.
गोळी आणि घास एकाच दाव्याला बांधा.
एखादी चुकली तर चुकली,
दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
उलट्या झाल्या, पोटात काही ठरेना,
तर गोळीच्या आधी मला फोन."
रक्त काढलं, मूत्रपिंडासाठी म्हणाल्या,
पायाची बोटं एकेक दाबून पाहिली,
हिरवी गोळी निम्मी केली
आणि मेव्हण्याची पट्टी खणात टाकून
खण बंद केला.
"मला तुमच्या रक्तात भांगाचं पाणी हवंय.
फार चढ नको, फार उतार नको."
मी हसलो.
भांगात जाळ्याला काय लागतं,
ते बाईंना कुणी सांगावं!

सुगंधाला वाचता येत नाही.
तिनं जाळ्याचा लाल धागा
हिरव्या गोळीच्या पट्टीला बांधलाय,
म्हणजे ताट समोर आल्यावर.
लांबट पांढरीला निळा,
म्हणजे पोट भरल्यावर.
बोटीत लाइफ जॅकेटांशेजारी
साखरेची बरणी टांगलीय,
कुणी चहाला हात लावला तर रियाज ओरडतो.
मुंग्यांना मात्र कुणी अडवू शकलेलं नाही.

आणि रोज साडेसातला
सोसायटीच्या वायरलेसवरून तिचा आवाज येतो,
खरखरत, अख्ख्या दर्याला ऐकू जाईल असा:
"जेवलात काय?"
मी तोंड पुसून बटण दाबेपर्यंत
पाजपंढरीचा कुणी तांडेल उत्तर देतो,
"जेवलो गो वहिनी, कालवणात मीठ कमी होतं."
मग आंजर्ल्याचा कुणी, मग आणखी एक,
चार-पाच बोटी जेवून होतात
आणि सगळ्यात शेवटी मी,
घास गिळत.